उतार, दगड आणि हवा : ट्यूब की ट्यूबलेस?

‘चाक आणि सैन्य’ या विषयावरचे मागचे दोन भाग तुम्ही पाहिलेत, भरभरून प्रतिक्रिया पाठवल्यात, त्याबद्दल आभार. इंदूर, बडोदा, बेंगळुरू, दिल्ली, अगदी शिलाँगहूनही मराठीत पत्रं आली. त्यातलाच एक प्रश्न आज घेतोय. बेंगळुरूला नोकरी करणारा एक तरुण विचारतो : “सर, मी डाउनहिल माउंटन बायकिंग सुरू केलंय. दुकानदार म्हणतो ट्यूबलेस करून टाका. ग्रुपमधले जुने लोक म्हणतात ट्यूबच बरी, कुठेही पंक्चर काढता येतं. तुम्ही पहाडात राहता, सैन्यात होतात. तुमचं मत काय?”

माझी नोकरी पायदळातली, आता मुक्काम डेहराडूनला. घरासमोरून रोज सकाळी मसुरीच्या दिशेने सायकली जाताना दिसतात आणि दुपारी त्याच सायकली उतारावरून सुसाट येताना दिसतात. तेव्हा मत आहेच. पण हा इतिहासाचा कार्यक्रम आहे, म्हणून मत शेवटी देईन. आधी हा वाद किती जुना आहे ते पाहू. गंमत अशी की, “ट्यूब जुनी आणि ट्यूबलेस नवी” हे वाक्य आपण सगळेच बोलतो आणि इतिहासात ते टिकत नाही.

हवा आली कुठून

सुरुवात सायकलीपासून होत नाही, घोडागाडीपासून होते. १८४५ साली रॉबर्ट विल्यम थॉमसन नावाच्या स्कॉटिश तरुणाने हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. वय होतं २३. आत रबर लावलेल्या कापडाची हवाबंद नळी, बाहेरून चामड्याचं आवरण. लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये घोडागाडीला ही चाकं लावून त्याने ती चालवून दाखवली. गाडी हलकी ओढली जाते आणि आवाज जवळजवळ नाहीसा होतो, हे लोकांनी पाहिलं. पण चांगलं पातळ रबर महाग होतं, आणि ज्याला या चाकांची खरी गरज होती ते वाहन, म्हणजे आज आपण ओळखतो ती सायकल, अजून जन्मालाच आलं नव्हतं. थॉमसनचं पेटंट कपाटात गेलं आणि लोक विसरले.

१८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरने तोच शोध पुन्हा लावला. मुलाची तीनचाकी दगडी फरशीच्या रस्त्यावर खडखडत चालायची. डॉक्टरांनी रबराची नळी केली, कापडाने लाकडी चकतीवर बांधली, फुटबॉलच्या पंपाने हवा भरली. पुढच्याच वर्षी, मे १८८९ मध्ये, विली ह्यूम नावाच्या सायकलपटूने बेलफास्टच्या शर्यतींत हवेच्या टायरवर बसून भरीव रबराच्या चाकांवाल्यांना मागे टाकलं. त्यानंतर भरीव चाकाचे दिवस भरले. डनलॉप यांचं पेटंट मात्र थॉमसनच्या जुन्या पेटंटामुळे रद्द ठरलं. नाव राहिलं, एकाधिकार गेला. आपल्या पिढीला डनलॉप हे नाव बंगालमधल्या हुगळीकाठच्या साहागंजच्या कारखान्यामुळे माहीत आहे. १९३६ साली सुरू झालेला तो भारतातला पहिला टायर कारखाना.

आता लक्ष द्या. डनलॉपचा टायर रिमला चिकटवलेला असायचा. पंक्चर झालं तर सगळं सोलून काढायचं, आतल्या नळीला ठिगळ लावायचं, पुन्हा चिकटवायचं आणि गोंद वाळायची वाट पाहायची. असलंच एक चाक फ्रान्समध्ये क्लेर्मों-फेराँ इथल्या मिशलँ बंधूंच्या कारखान्यात दुरुस्तीला आलं. दुरुस्तीला काही तास लागले, वर वाळायला एक रात्र. तिथून त्यांच्या डोक्यात विचार आला की टायर हा हाताने काढता-घालता आला पाहिजे. १८९१ साली त्यांनी सुटा होणारा टायर केला, आत वेगळी ट्यूब. त्याच वर्षी पॅरिस ते ब्रेस्त आणि परत पॅरिस अशी सुमारे १,२०० किलोमीटरची शर्यत झाली. शार्ल तेरों मिशलँच्या टायरवर बसून ती जिंकला. त्याचा प्रतिस्पर्धी जिएल-लावाल डनलॉपवर होता, तो कित्येक तास मागे राहिला. पुढच्या वर्षी मिशलँनी स्वतःच पॅरिस ते क्लेर्मों शर्यत भरवली आणि रस्त्यात मुद्दाम खिळे टाकले! आमचं पंक्चर किती लवकर निघतं, बघा.

म्हणजे ट्यूब जिंकली ती का? वेगामुळे नाही. आरामामुळे नाही. रस्त्यात, स्वतःच्या हाताने दुरुस्त करता येते म्हणून. हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण पुढे पुन्हा पुन्हा तो येणार आहे.

अमेरिकेची बिनट्यूबची सायकल

आता “ट्यूबलेस नवी” या समजुतीकडे येऊ. १८९० च्या दशकापासून १९३३ पर्यंत अमेरिकेत बहुतेक सायकलींना एकाच नळीचा टायर असायचा. टायर आणि ट्यूब वेगळे नाहीतच. बागेत पाणी घालायच्या जाड नळीसारखी एक नळी, रिमला चिकटवलेली. पंक्चर झालं की बाहेरूनच छिद्रात रबराची खुंटी ठोकायची. टायरमध्ये चिकट द्रव सोडून छिद्र आपोआप बुजवणारी औषधंसुद्धा तेव्हा बाजारात विकली जायची.

ऐकून काही आठवलं? आज पेट्रोल पंपाशेजारचा पंक्चरवाला ट्यूबलेस गाडीच्या टायरमध्ये बाहेरून रबरी वात खुपसतो. आज डाउनहिलवाले टायरमध्ये दुधासारखं सीलंट ओततात. आजोबांच्या आजोबांच्या काळात अमेरिकन पोस्टमन हेच करत होता. फक्त तेव्हाचं रबर कमी प्रतीचं, चिकटवण काढायला त्रासाचं, आणि मोठा चीर गेला की टायर फेकूनच द्यायचा.

याच काळातली सैन्याची एक गोष्ट थोडक्यात सांगतो. १४ जून १८९७ रोजी अमेरिकेच्या २५व्या इन्फन्ट्रीचे २० कृष्णवर्णीय सैनिक, लेफ्टनंट जेम्स मॉस यांच्या नेतृत्वाखाली, मोंटानातल्या फोर्ट मिझूलाहून सायकलींवर निघाले. रॉकी पर्वत ओलांडला, नेब्रास्काची वाळू तुडवली आणि ४१ दिवसांत सुमारे १,९०० मैल कापून सेंट लुईसला पोहोचले. सामान, रायफल, अन्न सगळं सायकलीवर. तरी अमेरिकन सैन्याने सायकल पलटणी उभारल्या नाहीत. इटलीच्या बेर्साल्येरी पलटणींनी मात्र घडीची सायकल घेतली आणि तिला चक्क भरीव रबराची चाकं लावली. पंक्चरच नको! हाडं खिळखिळी झाली तरी चालतील, पण चाक थांबता कामा नये. सैन्याचा हिशोब हा असा असतो.

१९३३ साली शिकागोच्या श्विन कंपनीने अमेरिकेत सव्वादोन इंच रुंदीच्या आसपासचा, कमी हवेचा, आत सुटी ट्यूब असलेला ‘बलून’ टायर आणला, आणि एकाच नळीचा टायर संपला. म्हणजे अमेरिकेत “बिनट्यूब” जुनं आणि “ट्यूब” नवी होती. हा जाड बलून टायर आपल्या विषयाला फार महत्त्वाचा आहे. पण त्याआधी मलायाला जाऊन येऊ, कारण तिथे आपली माणसं होती.

मलाया, १९४१ : रिमवर धावलेल्या सायकली

८ डिसेंबर १९४१ रोजी जनरल यामाशिता यांची जपानी २५वी आर्मी मलाया आणि थायलंडच्या किनाऱ्यावर उतरली. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडलं. ७० दिवस. या मोहिमेत समोर होती ११वी आणि ९वी इंडियन डिव्हिजन, आणि नंतर आलेल्या ब्रिगेड्स. इथे डेहराडूनच्या आसपास गढवालात अशी कितीतरी घरं आहेत ज्यांचा कोणी ना कोणी त्या लढाईत होता : २/१८ रॉयल गढवाल रायफल्स कुआंतानला होती, ५/१८ मुआरला. हजारो भारतीय सैनिक कैदेत गेले.

जपानी पायदळ सायकलींवर होतं. कर्नल मासानोबू त्सुजी हे त्यांचे नियोजन अधिकारी. त्यांनी लिहून ठेवलंय की प्रत्येक डिव्हिजनला सुमारे ५०० मोटारवाहनं आणि ६,००० सायकली दिल्या होत्या. इंग्रजांनी माघार घेताना पूल उडवले. ट्रक अडले. जपानी शिपायांनी सायकल खांद्यावर घेतली, नदी पार केली, पुन्हा स्वार झाले. सुटे भागही मिळत, कारण युद्धाआधी जपानी सायकली मलायात भरपूर विकल्या गेल्या होत्या.

अडचण एकच होती : पंक्चर. विषुववृत्तावरचा उन्हाळा, तापलेला डांबरी रस्ता, पाठीवर ओझं. त्सुजी सांगतात की प्रत्येक कंपनीत सायकल दुरुस्त करणारी माणसं ठेवली होती, तीही पुरेनात. मग शिपायांनी टायर काढून टाकले आणि उघड्या लोखंडी रिमवर सायकली चालवल्या. रात्रीच्या अंधारात शेकडो रिम रस्त्यावर घासत येताना असा आवाज व्हायचा की समोरच्या सैन्याला वाटावं, रणगाडे आले.

ही गोष्ट फार सांगितली जाते, म्हणून एक सावधगिरी. त्सुजी हे स्वतःची पाठ थोपटणारे गृहस्थ होते. त्यांचं प्रत्येक वाक्य जसंच्या तसं घेऊ नये. रणगाड्यांची भीती आपल्या लोकांना होती ती आवाजामुळे कमी आणि प्रत्यक्ष रणगाड्यांमुळे जास्त. जपान्यांकडे ते होते, मलायात आपल्याकडे नव्हते, आणि स्लिम नदीवर ७ जानेवारी १९४२ च्या पहाटे त्यांनी काय केलं ते आपण एका भागात पाहिलं आहे. पण रिमवर सायकली चालवल्या, ही गोष्ट मला पटते. सपाट डांबरी रस्त्यावर ते शक्य आहे. तुमच्या डाउनहिलच्या पायवाटेवर तसं केलंत तर पहिल्या वळणावर दरीत जाल. म्हणजे चाक निकामी होणं म्हणजे नेमकं काय, हे जमीन ठरवते.

रीपॅक : उताराचा खेळ जन्मतो

आता कॅलिफोर्निया. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरीन काउंटी, तिथलं फेअरफॅक्स गाव. १९७० च्या दशकात तिथल्या पोरांनी भंगारातून जुन्या श्विन सायकली काढल्या, त्याच १९३०-४० च्या जाड बलून टायरवाल्या. डोंगरावर न्यायच्या आणि वनखात्याच्या कच्च्या रस्त्याने खाली सोडायच्या. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी चार्ली केली आणि मित्रांनी पहिली घड्याळ लावून शर्यत घेतली. रस्ता तीन किलोमीटरहून थोडा जास्त, उतार सुमारे ४०० मीटर. या सायकलींना मागचा ब्रेक हबच्या आत, उलटं पेडल मारून लागणारा. एका उतारात त्या हबमधलं ग्रीस जळून धूर व्हायचं, आणि प्रत्येक फेरीनंतर ग्रीस पुन्हा भरावं लागायचं. म्हणून शर्यतीचं नाव पडलं ‘रीपॅक’. विक्रम गॅरी फिशरचा, ४ मिनिटं २२ सेकंद. जो ब्रीझ त्याच्या दोनच सेकंद मागे. याच जो ब्रीझने १९७७ साली या कामासाठी मुद्दाम नवी फ्रेम बांधली, आणि माउंटन बाइक नावाची वस्तू तयार झाली. १९९० साली कोलोरॅडोतल्या डुरँगोला पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली, त्यात डाउनहिल होती.

आता आपल्या प्रश्नाचं मूळ इथे आहे. उतारावर पकड पाहिजे. पकड पाहिजे तर टायर जमिनीवर पसरला पाहिजे, दगडाभोवती वाकला पाहिजे. म्हणजे हवा कमी पाहिजे. पण हवा कमी केली आणि चाक वेगात दगडावर आदळलं की टायर पूर्ण दबतो, आणि बिचारी ट्यूब दगड आणि रिमच्या काठामध्ये चेचली जाते. दोन्ही काठांना एक-एक चीर. पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवली की शेजारी-शेजारी दोन बुडबुड्यांच्या रांगा, सापाने डंख मारल्यासारख्या. त्याला नावही सर्पदंशाचंच आहे. खिळा नाही, काटा नाही, तरी पंक्चर.

यावर १९९० च्या दशकातल्या खेळाडूंचा उपाय एकच : हवा जास्त भरा, ट्यूब जाड घाला, टायर दुहेरी कापडाचा घ्या. चाक जड झालं, पकड गेली, हाताला झटके बसले. म्हणजे ट्यूब फुटू नये म्हणून ज्या गोष्टीसाठी हवा होती तीच सोडून द्यायची.

ट्यूब काढली, मग पुन्हा घातली

मोटारीत ट्यूबलेस आधीच आलं होतं. अमेरिकेतल्या ॲक्रनला बी. एफ. गुडरिच कंपनीत फ्रँक हर्झेग या अभियंत्याने १९४० च्या दशकात ते केलं, १९५२ साली पेटंट मिळालं आणि १९५५ पासून अमेरिकेत नव्या मोटारी ट्यूबलेसवरच येऊ लागल्या. कारण सोपं होतं. ट्यूबला खिळा लागला की ती फाटते आणि हवा क्षणात जाते. ट्यूबलेसमध्ये खिळा रबरात रुतून बसतो आणि हवा हळूहळू जाते. गाडी बाजूला घ्यायला वेळ मिळतो.

सायकलीत हे जमायला उशीर झाला, कारण सायकलीच्या रिममध्ये तारांसाठी भोकं असतात. हीच अडचण तारांच्या चाकांच्या मोटारसायकलींना, म्हणूनच तुमच्यापैकी अनेकांनी लडाखला नेलेल्या मोटारसायकलींत ट्यूब होती. १९९९ साली फ्रान्सच्या माविक कंपनीने टायर कंपन्यांना बरोबर घेऊन ‘यूएसटी’ नावाची पद्धत आणली. रिमच्या आतल्या बाजूला भोकच नाही, आणि टायरची कड रिमच्या खाचेत घट्ट बसते. उत्तम, पण महाग आणि जड. मग गॅरेजवाल्यांनी आपली बुद्धी चालवली. लहान पोरांच्या २० इंची सायकलीची ट्यूब घ्यायची, कात्रीने मधोमध उभी चिरायची, मोठ्या रिमवर ताणून पसरायची, वर टायर, आत सीलंट. झालं ट्यूबलेस. याला आपण जुगाड म्हणतो. हा जुगाड मात्र परदेशात झाला! पुढे हवाबंद चिकटपट्टी आणि रबराच्या दुधाचं सीलंट बाजारात आलं आणि साध्या रिमसुद्धा ट्यूबलेस होऊ लागल्या.

सर्पदंश संपला. पण नव्या व्याधी आल्या. कमी हवेवर जोरात वळण घेतलं की टायरची कड रिमवरून क्षणभर सुटते आणि ढेकर दिल्यासारखी हवा बाहेर पडते. धारदार दगडाने टायरची बाजू चिरली तर सीलंट काही करू शकत नाही. आणि कधी टायर रिमवरून निघूनच येतो. २०१४ साली ऑस्ट्रियातल्या लिओगांगच्या विश्वचषकात ॲरन ग्विन या अमेरिकन खेळाडूचा मागचा टायर असाच गेला. पठ्ठ्या थांबला नाही. मलायातल्या शिपायांसारखा रिमवरच खाली आला. शर्यत अर्थात हातची गेली. पण लक्षात घ्या, मागचं चाक होतं म्हणून हे शक्य झालं. पुढचं असतं तर ती चित्रफीत वेगळी असती.

मग उपाय काय निघाला? त्याच वर्षी जर्मनीत श्वाल्बे आणि सिंटेस यांनी एक पद्धत मांडली : ट्यूबलेस टायरच्या आत एक बारीक, जास्त दाबाची ट्यूब. बाहेरच्या भागात कमी हवा, पकडीसाठी. आतल्या ट्यूबमध्ये खूप हवा, रिम वाचवायला आणि टायरची कड दाबून धरायला. म्हणजे ट्यूब काढली आणि पुन्हा घातली, फक्त तिचं काम बदललं. त्यानंतर ट्यूबऐवजी टायरमध्ये फोमचं कडं घालायची पद्धत रुळली, आज बरेच डाउनहिलवाले तेच वापरतात. आम्हा सैनिकांना यात नवल नाही. चाकांच्या चिलखती गाड्यांत टायरच्या आत कडक कडं असतं, गोळी लागून हवा गेली तरी गाडी मारा होत असलेल्या जागेतून बाहेर काढता यावी म्हणून.

पहाडातला हिशोब

आता आपल्याकडे येऊ. लेहहून जीपने सायकली खार्दुंग ला खिंडीत न्यायच्या आणि सुमारे ४० किलोमीटर उतार उतरत परत यायचं, हा पर्यटकांचा आवडता कार्यक्रम आहे. खिंड ५,३५९ मीटर, लेह सुमारे ३,५०० मीटर. माझ्या लडाखमधल्या नोकरीत आम्ही गाड्यांच्या हवेकडे सतत लक्ष द्यायचो, त्यातलं एक गणित सांगतो. उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो. समुद्रसपाटीला तो १४.७ पीएसआय असतो, खार्दुंग लाला साडेसात-पावणेआठच्या आसपास. म्हणजे दिल्लीत मापून भरलेलं चाक, तापमान तेच राहिलं तर, खिंडीत पोहोचेपर्यंत सुमारे ७ पीएसआय जास्त दाखवेल. थंडीमुळे त्यातलं काही कमी होतं. उलट खिंडीत मापून भरलेली हवा लेहला येईपर्यंत सुमारे २ पीएसआयने घटते, पण खाली ऊब असल्यामुळे बरीचशी भरून निघते. डाउनहिलवाला पुढच्या चाकात २२ ठेवायचे की २४, यावर वाद घालतो. त्याच्यासाठी ७ चा फरक फार मोठा. म्हणून हवा जिथून उतार सुरू करणार तिथे मापायची. टायर कुठलाही असो.

दुसरी गोष्ट काट्यांची. दख्खनच्या पठारावर, बेंगळुरूच्या आसपास, राजस्थानात बाभळीचे काटे. तिथे ट्यूबवाल्याला एका फेरीत तीनदा थांबावं लागतं आणि ट्यूबलेसवाल्याला घरी येऊन कळतं की पाच काटे रुतलेत. पण त्याच उन्हात सीलंट आत वाळतं. दर दोन-तीन महिन्यांनी उघडून पाहिलं नाही तर तुम्ही ट्यूबलेस आहात एवढंच खरं, संरक्षण काही नाही. हिमालयात काटे कमी, दगडांच्या धारा जास्त. तिथे टायरची बाजू चिरते, आणि तिथे जाड कापडाचा टायर सीलंटपेक्षा जास्त उपयोगी.

तिसरी गोष्ट मदतीची. ट्यूबचं पंक्चर आपल्या देशात कुठल्याही गावात निघतं. घमेलं, पाणी, सँडपेपर, सोल्युशन, ठिगळ. दुकान असायलाही हवं असं नाही. ट्यूबलेस टायर एकदा रिमवरून पूर्ण सुटला तर तो पुन्हा बसवायला एकदम जोराची हवा लागते. साध्या हातपंपाने बहुधा होत नाही. कॉम्प्रेसर लागतो, आणि बारीक व्हॉल्व्हसाठी पितळी अ‍ॅडाप्टर खिशात लागतो.

तर मग काय घ्यायचं

सैन्यात कुठलंही साधन निवडताना आम्ही ते किती चांगलं चालतं हे विचारायचो, आणि लगेच पुढचा प्रश्न : बिघडलं तर कसं बिघडेल? अचानक की हळूहळू? आणि बिघडेल तेव्हा मी कुठे असेन? १८९१ साली तेरों भर रस्त्यात एकटा होता, म्हणून त्याला हाताने निघणारी ट्यूब हवी होती. १९५५ च्या मोटारवाल्याला बाजूला व्हायला वेळ हवा होता, म्हणून त्याला ट्यूबलेस हवी होती. दोघंही बरोबर होते.

बेंगळुरूच्या मित्रा, तू जर खरोखर डाउनहिल करतोस, म्हणजे ठरलेल्या मार्गावर, दगड आणि उड्यांच्या उतारावर वेगाने, तर ट्यूबलेस कर. पैसे कमी असतील तर आधी पुढचं चाक कर. मागचं चाक बसलं तर घसरशील, पुढचं बसलं तर हँडलवरून जाशील. सर्पदंशाने पुढची ट्यूब गेली की हवा जायला दोन-चार सेकंद लागतात, आणि उतारावर तेवढ्यात वळण येतं. टायर जाड बाजूचा घे. हलक्या टायरात ट्यूबलेस करून खूप कमी हवेवर उतरणं हा सगळ्यांत वाईट पर्याय आहे. मागच्या चाकात जमलं तर फोमचं कडं घाल, कारण दगड मागे जास्त लागतात. सीलंट तपासायची तारीख फोनमध्ये लावून ठेव.

पण तुझा बेत जर स्पितीत किंवा लडाखात आठ दिवसांच्या प्रवासाचा असेल, उतार लांब पण रस्ता बरा, आणि सोबत गाडी नसेल, तर ट्यूब वाईट नाही. चांगली ट्यूब, दोन-चार पीएसआय जास्त हवा, आणि जरा कमी वेग. तो वेग कमी करणं हा त्या निवडीचाच भाग आहे. ट्यूब घालून ट्यूबलेसवाल्याच्या मागे धावू नकोस. भाड्याची सायकल घेऊन खिंडीतून उतरणाऱ्यांना तर माझं सांगणं एवढंच : निघण्यापूर्वी ब्रेक पाहा, हवा तिथेच मापा, आणि टायरच्या बाजूला आडवी चीर असेल तर दुसरी सायकल मागा. लाजू नका.

आणि ट्यूबलेस केलंस तरी पिशवीत एक ट्यूब, दोन टायर लिव्हर, एक पंप आणि रबरी वाती ठेवच. टायर चिरला तर आतून जाड कापडाचा किंवा जुन्या टायरचा तुकडा लावून त्यात ट्यूब घालता येते आणि माणूस सावकाश खाली येतो. ट्यूब आता चाकात नसून पिशवीत असते, एवढाच १३० वर्षांतला फरक म्हणा.

ऑक्टोबर २०२३ मध्ये केरळात पोनमुडीला आशियाई माउंटन बाइक स्पर्धा झाली. आपल्या देशात हा खेळ आता नवखा राहिलेला नाही. पोरं उतरतायत, वेगाने उतरतायत, आणि त्यांचे आईवडील मला पत्रं लिहून विचारतात की हे सुरक्षित आहे का. त्यांना माझं उत्तर : खेळात धोका आहे, तो कमी करता येतो. हेल्मेट, पुढचा टायर आणि हवेचं मापक, या तीन गोष्टींवर पैसे खर्च करा. रंगीत फ्रेमवर नंतर.

पुढच्या भागात आपण पुन्हा युद्धाकडे वळू : व्हिएतनाममधल्या दिएन बिएन फूच्या वेढ्यात, १९५४ साली, सायकलींना बांबू बांधून त्यावर ओझी लादून डोंगरातून रसद कशी नेली गेली, त्याची गोष्ट. तोवर आपापल्या सायकलीची हवा तपासा. जय हिंद.